शाळेतून निरोप आलाय

आमच्या भागात शाळेतून घरी निरोप आला की घरातली हवा आधी तापते आणि निरोप काय आहे ते मग विचारलं जातं. ‘सरांनी बोलावलंय’ एवढंच कानावर पडतं आणि बाप बैल सोडून तरातरा येतो. बोलावणं कधी आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी असतं, कधी बँकेच्या पासबुकासाठी. पण त्याचा उलगडा होईपर्यंत पोराच्या पाठीत एक धपाटा बसून गेलेला असतो. खुलासा झाल्यावर धपाटा परत घेता येत नाही. तो मागच्या एखाद्या न सापडलेल्या गुन्ह्याच्या खाती जमा होतो, आणि गंमत म्हणजे पोरालाही हा हिशेब मान्य असतो.

मी ह्या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना राहून चुकलोय. लहानपणी धपाटे खाल्ले, आता निरोप धाडतो. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात माझं घर आणि जवळच्याच एका वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा, तिथं माझी नोकरी. चारठाणा म्हटलं की जाणकार लोक कान टवकारतात. यादवांच्या काळातली देवळं, बारव, तो उंच कोरीव स्तंभ बघायला लांबून अभ्यासक येतात, टेप लावून मोजमापं घेतात, वहीत नोंदी करतात. सात-आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाची खबर पुण्या-मुंबईला जाते. दुसरीच्या वर्गात काल काय झालं, ही खबर मात्र गावातल्या गावात चार घरं ओलांडत नाही.

मग एका शनिवारी काकूंनी हाक मारली. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या. नात्यानं कोणी नाहीत, हक्कानं सगळ्याच आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो आणि नात तिथल्या एका ख्रिस्ती प्राथमिक शाळेत पहिलीला गेली होती. शाळा घराजवळ आहे, बाई मायाळू आहेत, म्हणून तिथं घातली, असं मुलानं आईला समजावलं होतं. काकूंनी फोन माझ्यापुढं धरला. चेहरा उतरलेला.

“शाळेतून पत्र आलंय मास्तर. इंग्रजीत हाय. वाच जरा, काय केलं पोरीनं?”

मी वाचलं. पोरीनं काही केलं नव्हतं. वर्गाच्या बाईंनी सगळ्या पालकांना आठवड्याचा वृत्तान्त धाडला होता. ह्या आठवड्यात ‘श’च्या उच्चाराचे शब्द शिकलो. काचेच्या बरणीत एक सुरवंट ठेवलाय, तो आता कोशात गेलाय. बुधवारी प्रार्थनेची सभा झाली. ग्रंथालयाची पुस्तकं मंगळवारी परत आणावीत. एकाचा पुढचा दात पडला, त्याचं अभिनंदन.

“आन् तक्रार?”

“तक्रार नाही काकू.”

“पैसे मागितलेत?”

“नाहीत.”

“मग पत्र कामून धाडलं?”

ह्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं पत्र धाडल्याचं मला आठवेना. आम्ही धाडतो ते कामाचं. लसीकरण, गणवेशाचं माप, शिष्यवृत्तीचा अर्ज, शाळा व्यवस्थापन समितीची सभा. वरून आम्हाला माहिती मागतात, आम्ही खाली पालकांना मागतो. कोणाचा दात पडला ही माहिती आजवर कोणत्याच रकान्यात बसलेली नव्हती.

तेव्हापासून शनिवार ठरून गेला. तिकडं शुक्रवारी शाळा सुटताना पत्र निघायचं, आणि इकडं आमची शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी घरी येईपर्यंत काकू ओट्यावर फोन घेऊन बसलेल्या असायच्या. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, काकूंनी शेरे मारायचे.

पत्रात एक सूचना नेहमी असे : डब्यात शेंगदाणे, बदाम, काजू काहीही देऊ नये, वर्गातल्या एका मुलाला ते चालत नाहीत. ज्या बाईनं लेकाच्या प्रत्येक बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि लाडू ठासून भरले, तिला हे पचणं अवघडच. “शेंगदाण्याबिगर डब्यात काय देत्यात मग?” म्हणून त्या बराच वेळ विचार करत बसल्या. पुढच्या वेळी लेकाशी बोलताना मात्र त्यांनी चटणीची चौकशी न करता ‘त्या लेकराची तब्येत कशी हाय’ असं विचारलं. कोणाचं लेकरू, नाव काय, काही माहीत नव्हतं.

पत्राच्या शेवटी बाई एक चौकट देत : रात्री जेवताना मुलांना हे विचारा. ह्या चौकटीमागं फार मोठं शहाणपण आहे, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. ‘शाळेत आज काय झालं?’ ह्या प्रश्नाला जगातली सगळी लेकरं एकच उत्तर देतात : काही नाही. चारठाण्यातलं पोरगं ‘काईच नाई’ म्हणतं, टेक्सासमधलं ‘नथिंग’ म्हणतं. दिवसभर सहा तास कोंडून शिकवलेलं आम्ही असं दोन शब्दांत पुसलेलं दररोज बघतो. मूल खोटं बोलत नसतं. त्याच्या दृष्टीनं एवढा मोठा दिवस आईच्या एका प्रश्नात मावतच नाही. पण ‘सुरवंट अजून झोपलाय का?’ असं विचारलं की मूल अर्धा तास थांबत नाही.

काकूंनी हे हत्यार लगेच उचललं. रविवारी व्हिडिओवर नात आली तशी त्यांनी विचारलं, “काय गं, तुमचा सुरवंट उठला का?” पोरगी थक्क. आईबापांना पत्र येतं आणि ते फिरून आजीपर्यंत जातं, हे तिच्या गावीही नव्हतं. पुढच्या रविवारी आजीनं पडलेल्या दाताचं विचारलं. शाळेच्या प्रार्थनासभेत देवाला सगळं दिसतं असं शिकवतात. पोरीचा समज झाला की देवाला आणि चारठाण्याच्या आजीला.

ख्रिस्ती शाळा म्हणून काकूंच्या मनात एक बारीक खडा होता. तो त्यांनी एकदाच बोलून दाखवला. मी म्हटलं, आपल्याकडंही मिशनच्या शाळेत सगळ्या जातीधर्माची पोरं शिकलीच की. जालना आपल्यापासून काही परदेश नाही. तिथं नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात शाळा चालवल्या, शेजारी बेथेल नावाचं गावच वसवलं. ते जन्मानं ब्राह्मण, पुढं ख्रिस्ती झालेले. काकूंनी ऐकून घेतलं, समाधान फारसं झालं नाही. खडा विरघळला तो वेगळ्याच कारणानं. एका आठवड्याच्या पत्रात पाठांतरासाठी तेविसावं स्तोत्र दिलं होतं, त्यातलं पहिलं वाक्य मुलांकडून करून घ्या, असं. त्यात देवाला मेंढपाळ म्हटलंय. मी हे सांगितलं आणि काकू एकदम सावरून बसल्या.

“मंग बराबर हाय.”

त्यांच्या रानात दरवर्षी धनगर मेंढ्या बसवायला येतात. लेंडीखतानं जमीन धरते, म्हणून त्यांना धान्य देऊन, पैसे देऊन बोलवावं लागतं. रात्री मेंढ्या वाघुरीत, धनगर बाहेर घोंगडीवर. लांडगा आला तर पहिल्यांदा तो उठतो. पाय मोडलेलं कोकरू खांद्यावर घेऊन तो चार कोस चालतो. काकूंनी हे सगळं मला इतकं बारकाईनं सांगितलं की त्या स्तोत्रावर ह्याहून चांगलं निरूपण मी ऐकलेलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी ते नातीलाही ऐकवलं. नातीनं शाळेत जाऊन सांगितलं असणार, कारण त्यानंतरच्या पत्रात एक ओळ होती : एका मुलीच्या आजीच्या शेतात खरेखुरे मेंढपाळ येतात, हे ऐकून वर्गाला आनंद झाला. ज्यांनी मेंढपाळ फक्त चित्रात बघितलेला, त्या लेकरांना चारठाण्याहून पुरवणी गेली.

त्या पत्रात प्रार्थनेच्या विनंत्यांचंही एक सदर असे. कोणासाठी प्रार्थना करायची ते मुलांनीच सुचवायचं. कोणाची आजी दवाखान्यात, कोणाचा कुत्रा आजारी. एकदा एका मुलानं हॅम्स्टरसाठी प्रार्थना मागितली. हॅम्स्टर म्हणजे काय, काकूंनी विचारलं. उंदरासारखा असतो, पिंजऱ्यात ठेवतात, मी सांगितलं. “पिंजरा आपल्याकडं बी असतो की,” काकू म्हणाल्या, “पर प्रार्थना निराळी असती.”

हे सगळं २०२३ सालचं. त्या वर्षीचा ऑगस्ट आठवत असेल. पाऊस जो गेला तो महिनाभर तोंड दाखवायला तयार नव्हता. सोयाबीन ऐन फुलोऱ्यात, जमिनीला भेगा, आणि गावातला प्रत्येक माणूस मोबाईलवर ढगांचे नकाशे बघत बसलेला. तिकडं शाळा नुकतीच सुरू झालेली. नातीनं घरातलं बोलणं ऐकलं असावं, तिनं वर्गात हात वर केला. शनिवारी मी पत्र वाचत होतो आणि हॅम्स्टर, ताप, नव्या भावंडाची वाट अशा ओळींमध्ये एक ओळ आली : आजीच्या गावात पाऊस पडावा म्हणून. पहिलीतली परक्या मुलखातली वीसेक लेकरं डोळे मिटून आमच्या सोयाबीनसाठी बसली होती. माझ्यासारखा सरकारी माणूसही जरा वेळ गप्प झाला.

सप्टेंबरात पाऊस आला. वेधशाळेकडं त्याची कारणं असतील. काकूंनी श्रेयाची वाटणी आपल्या पद्धतीनं केली : “तिकडून लेकरांनी सांगितलं, इकडून मी महादेवाला पाणी घातलं. दोन्हीकडून तगादा लागल्यावर कोण टाळंल?” उतारा निम्म्यावर आला तेव्हा मी त्यांना चिडवलं. त्या म्हणाल्या, “लेकरं पहिलीतली हायती मास्तर. पहिलीच्या हिशेबानं लई झालं.”

फेब्रुवारीत शाळेचा शंभरावा दिवस आला. तिकडं पहिल्या दिवसापासून शाळेचे दिवस मोजतात आणि शंभराव्या दिवशी मुलं शंभर वर्षांचे म्हातारे-म्हाताऱ्या बनून येतात. गणितातला शतक शिकवायची ही युक्ती. फोटोत नात पांढरा टोप, चष्मा, शाल, हातात काठी आणि कमरेत वाकलेली. काकूंनी फोटो मोठा करून करून बघितला. मग स्वतःची काठी शोधायला लागल्या, ती नेहमीप्रमाणं त्यांच्या हातातच होती. “चालणं चुकलंय तिचं,” त्या म्हणाल्या. “कमरेतून वाकली. खरं तर गुडघ्यापासून सुरू होतं ते.” आणि ओट्यावरून उठून मला दोन येरझारा घालून दाखवल्या. पुढच्या वर्षासाठी.

ह्या शनिवारांमुळं माझं वाचन भलत्याच दिशेला गेलं. लक्षात आलं की ही पत्रं तशी नवी नाहीत, फक्त वारं उलटं वाहायला लागलंय. १८१३ साली अमेरिकन मिशनचे लोक मुंबईला उतरले. १८३१मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं मांडलं. १८२७ साली सिंथिया फॅरार नावाची एक अविवाहित शिक्षिका बोटीतून मुंबईला आली, १८३९मध्ये नगरला गेली आणि मुलींच्या शाळा चालवत तिथंच १८६२ साली वारली. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते ह्याच फॅरारबाईंकडं, असं चरित्रकार सांगतात. ह्या मंडळींनी लिहिलेली पत्रं बोटीनं बॉस्टनला जायची आणि तिथल्या ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात छापून यायची. पटावर मुली किती, लग्न होऊन गळाल्या किती, कोण वाचायला शिकलं, पैसा कुठं कमी पडला. ती वाचायला अमेरिकेतल्या गावोगावच्या आज्या बसलेल्या असणारच, कारण शाळांचा खर्च त्यांच्याच वर्गणीतून चालायचा. शिवाय इकडच्यांसाठी मिशननं १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ काढला, तो मराठीतल्या सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी एक. आमचे जालन्याचे नारायण शेषाद्री तर १८७३मध्ये स्वतःच अमेरिकेला जाऊन पागोटं घालून भाषणं करून आले.

म्हणजे एके काळी मराठी पोरींच्या वर्गाची खबर अमेरिकेतल्या घरी वाचली जायची. आता अमेरिकेतल्या वर्गाची खबर चारठाण्याच्या ओट्यावर वाचली जाते. फरक एवढाच की त्या पत्रांना वर्गणी गोळा करायची होती, ह्या पत्राला काहीच नको आहे. तेव्हा माणसं इतक्या लांबून आमची लग्नं मोजत होती, आता आम्ही त्यांचे दात मोजतो.

आपल्याकडं हे कोणी केलंच नाही, असंही नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात होते तेव्हा ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. हातानं लिहिलेलं आणि रोजचं. मुलांनी सकाळी उठून वाचावं म्हणून एक शिक्षक रात्री जागून लिहायचा. आपणही आठवड्याचं पत्र काढावं असं मनात होतं, पण त्याचा धाक वाटत होता. ह्या दैनिकाचं कळल्यावर धाक वाटल्याचीच लाज वाटली.

म्हणून मी सुरुवात केली. कागदावर नाही. आमच्या वस्तीवरच्या निम्म्या घरांत वाचणारं माणूस म्हणजे ते शाळेतलं पोरगंच. पत्र धाडलं तर आरोपीनंच न्यायालयात आरोपपत्र वाचून दाखवायचं. शिवाय दिवाळी झाली की अनेक आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ते थेट पश्चिमेकडच्या कारखान्यांवर किंवा कर्नाटकात. लेकरं मागं आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत ते कोपीत आणि लेकरू इथं. शाळेची खबर खरी कोणाला हवी असेल तर त्यांना. टेक्सासमधल्या आईबापाला संध्याकाळी निदान ‘नथिंग’ तरी ऐकायला मिळतं.

तर शनिवारी शाळा सुटायच्या आधी मी मोबाईल टेबलावर ठेवतो आणि आवाजी निरोप भरतो, तो पालकांच्या गटावर जातो. पहिला निरोप गेला आणि संध्याकाळपर्यंत चार ठिकाणी धपाटे पडल्याचं कळलं. निरोप ऐकण्याआधीच. शाळेचा निरोप म्हटल्यावर हात आपोआप उठले. म्हणून आता प्रत्येक निरोपाची सुरुवात ठरलेली आहे : राम राम, तक्रार नाही, पैसे नकोत, आधार कार्ड आणू नका. मग बातम्या. सातचा पाढा कोणी न अडखळता म्हटला. लिंबाखाली सापडलेलं पिलू कोणी परत घरट्यात ठेवलं. खिचडीत ह्या आठवड्यात वाटाणा होता आणि तो कोणी मोजून शेजाऱ्याला दिला. प्रत्येक आठवड्यात प्रत्येकाचं नाव येईल अशी आमची खटपट असते. कोणाबद्दल काहीच सुचलं नाही तर सोमवारपासून त्याच्याकडं जरा जास्त बघावं लागतं. माझ्या शिकवण्यात गेल्या कित्येक प्रशिक्षणांनी झाली नसेल एवढी सुधारणा ह्या एका सक्तीनं झाली.

तिकडून उत्तरंही यायला लागली. ट्रॅक्टरच्या आवाजात, भाकरी थापता थापता. एक आई म्हणाली, “सर, त्याचं नाव घेतलंत ते परत एकदा घ्या, मालकानं ऐकलं नाही, ते मोळ्या बांधत होते.” एक बाप नुसताच हसला आणि फोन ठेवला. ते हसणं वर्गात सगळ्यांना ऐकवलं. काकूंना मी हे निरोप ऐकवतो तेव्हा त्या संपादकासारख्या बसतात. त्यांचं म्हणणं, त्यात कोण आजारी पडलं ते यायला पाहिजे, कोणाची म्हैस व्याली ते यायला पाहिजे. शाळेचा काय संबंध, असं मी विचारलं. “खरवस घेऊन लेकरू शाळेतच येणार ना?” त्यांनी विचारलं. तेव्हापासून म्हशी आहेत.

मार्च २०२४मध्ये सरकारनं ‘आनंददायी शनिवार’ काढला, पहिली ते आठवीच्या मुलांना शनिवारी दप्तराच्या ओझ्याविना काही वेगळं करता यावं म्हणून. केंद्रावरच्या बैठकीत विचारलं, तुमच्याकडं काय उपक्रम आहे? मी सांगितलं, बातम्या. त्यांनी विचारलं, फोटो आहे का? मी म्हटलं, आवाज आहे. त्यासाठी रकाना नव्हता.

आता बातम्या मी सांगत नाही, पोरंच निवडतात. फळ्यावर सुचवायच्या, हात वर करून मतं घ्यायची, जास्त हातांच्या बातम्या जातात. एक नियम त्यांनीच केला : ज्याची बातमी आहे त्याला नको असेल तर ती जाणार नाही. कोण रडलं, कोणाची चड्डी ओली झाली, हे वर्गाबाहेर जात नाही. एवढा समंजसपणा मोठ्यांच्या बातम्यांत मला क्वचितच दिसतो. हा नियम शिक्षकालाही लागू आहे का, असं मी विचारलं, तर सभेनं एकमतानं नाही म्हटलं.

परवा मी दोन दिवस प्रशिक्षणाला गेलो होतो. शनिवारी चौथीतल्या मुलीनं निरोप वाचला. पहिली बातमी : सर दोन दिवस नव्हते, तरी आम्ही शांत बसून अभ्यास केला. दुसरी बातमी : पहिली बातमी खरी नाही.

गटावर सगळ्यात जास्त उत्तरं त्या आठवड्यात आली.